भाजलेल्या पोरीला अंडं-दूध बंद करायचं का? घरात वाद चाललाय

जतचा_मामा:
बहिणीची पोरगी, दोन वर्षांची, न्हाणीत कढत पाण्याची बादली अंगावर ओढली, मांडी आणि पोटाचा थोडा भाग भाजलाय. सरकारी दवाखान्यात दाखवलं, ड्रेसिंग चालू आहे, डॉक्टर म्हणले जखम फार खोल नाही पण पोर अशक्त आहे, वजन साडेआठ किलोच भरलं, इन्फेक्शनला जपा. आता आजी म्हणते अंडं, दूध, डाळ, वांगं सगळं बंद, पू धरतो, नुसती भाताची पेज द्या. ताप नाही म्हणून आम्ही निवांत होतो पण कालपासनं पोर मलूल पडून असते. मेडिकलमधनं अँटिबायोटिक आणून सुरू केलं तर चालंल का?

कवठ्याची_ताई:
वांगं राहू दे, त्याच्यासाठी कुणी भांडू नका, पण अंडं-दूध-डाळ बंद करू नका दादा. मी अंगणवाडीत आहे, दोन वर्षांच्या मुलीचं वजन ९ किलोच्या खाली म्हणजे आमच्याकडं ती कमी वजनातच धरतात, म्हणजे भाजायच्या आधीपासनंच ती कमी पडत होती. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावून घ्या, साडेबारा सेंटीमीटरच्या खाली मध्यम कुपोषण आणि साडेअकराच्या खाली तीव्र. आणि दीड वर्षाचा बूस्टर झालाय का कार्डावर बघा, धनुर्वाताची लस त्यातच असते.

स्टाफनर्स_मिरज:
आधी महत्त्वाचं. मलूल पडलीय म्हणताय ना, मग ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका, आजच न्या. लई अशक्त लेकराला इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नसतं, उलट अंग गार पडतं. दूध-पाणी कमी पिणं, हातपाय गार, पट्टीला वास, हिरवट पाणी, कडेची लाली पसरत जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. जुलाब-उलट्या आणि अंगावर पुरळ आलं तरी तेच, छोट्या जखमेतही ते होऊ शकतं.
कातडी गेली की जंतूला दार उघडं, त्यात जखमेतनं पाण्याबरोबर प्रोटीन पण झिरपून जातं. नवी कातडी धरायला आणि जंतूशी झुंजायला दोन्हीला प्रोटीनच लागतं, ते खाण्यातनं मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस मोडून वापरतं. मोठं भाजलं असेल तर लेकराला किलोमागे रोज अडीच ते चार ग्रॅम प्रोटीन देतात, तुमच्या पोरीला नेमकं किती ते डॉक्टर सांगतील, पण एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतं आणि पेजेत नावालाच. पू जंतूमुळं होतो, अंड्यामुळं नाही. मेडिकलचं अँटिबायोटिक आपल्या मनानं नको, लोहाचं टॉनिक पण विचारल्याशिवाय नको.

माणदेशी_पोरगी:
आमच्यात पण हेच, सासूबाई तर म्हणायच्या दूध दिलं की जखम ओली राहते. भांडून काय उपयोग नाही, ड्रेसिंगला जाताना आजीलाच बरोबर न्या आणि तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा. सून सांगती ते ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकतात. आणि पोरगी एका बैठकीला खाणार नाही, दुखतंय तिला, दोन-दोन घास दिवसभर चारत राहायचं, ड्रेसिंगहून आल्यावर जरा शांत झाली की मग.

जतचा_मामा:
गाडी सांगितलीय, निघतोय आता. आजी एवढ्यावर आलीय की डाळीचं पाणी चालंल म्हणती.

स्टाफनर्स_मिरज:
वरचं पाणी नको हो, ते नुसतं हळदीचं पाणी. तळची घट्ट डाळ भातात कुस्करून द्या, वर तूप सोडा. आधी दवाखाना मात्र, जाताना ती घेईल तसं घोटघोट दूध पाजत न्या, आणि जखमेवर हळद-तेल काही लावू नका.