खालच्या जबड्यातली गाठ मध्यरेषा ओलांडून गेलीय, बायोप्सीत नाव मिळेना

दंतवैद्य, परभणी
पेशंट पुरुष, वय ४६. ओपीजीत (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) ३४ पासून ४३ पर्यंत (खालच्या डाव्या पहिल्या उपदाढेपासून उजव्या सुळ्यापर्यंत) बहुकप्पी काळी छाया, कड ठळक. दुखत नाही. सगळे दात थंड चाचणीला प्रतिसाद देतात. अहवाल आला: 'ओडोंटोजेनिक सिस्ट, प्रकार सांगता येत नाही' (म्हणजे दात घडवणाऱ्या ऊतींपासून झालेली पोकळ गाठ). सरळ खरवडून काढावी का?

मुखशल्यचिकित्सा, छत्रपती संभाजीनगर
इतक्यात नको, सर. दात जिवंत आहेत म्हणजे रॅडिक्युलर सिस्ट (मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी) मागे पडते. या जागी ग्लँड्युलर ओडोंटोजेनिक सिस्ट (ग्रंथींसारखं अस्तर असलेली), केराटोसिस्ट (केराटिनने भरलेली) आणि अमेलोब्लास्टोमा (एनॅमल घडवणाऱ्या पेशींसारखा ट्यूमर) ही तिन्ही नावं डोक्यात हवीत. १८ गेजच्या सुईने ओढून बघा. चक्क्यासारखा पांढरा माल आला तर केराटोसिस्टचा संशय. पिवळसर पातळ पाण्यावरून काहीच ठरत नाही. ताजं रक्त जोरात आलं तर चीर देऊ नका, आधी रक्तवाहिन्यांची गाठ नाही ना ते बघा. मग सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करा, हाडाची भिंत कुठे फुटलीय ते कळेल. दुसरी बायोप्सी जाड भागातून घ्या, निदान एक सेंटिमीटरचा तुकडा, अस्तरासकट. पहिल्या वेळी बहुतेक इथेच चुकलं असावं.

ओरल पॅथॉलॉजी, लातूर
त्याआधी जुना ब्लॉक (पहिल्या तुकड्याचा मेणात जपलेला ठोकळा) मागवून डीपर कट्स (आणखी आतले काप) घ्यायला सांगा, पेशंटची एक चीर वाचेल. ग्लँड्युलर सिस्टच्या खुणा ठिगळाठिगळांनी असतात, एका कापात साधं अस्तर आणि पुढच्यात सगळं. हॉबनेल पेशी (खिळ्याच्या डोक्यासारख्या फुगीर), अस्तरातच बारीक पोकळ्या, क्लिअर सेल्स (आतून फिकट दिसणाऱ्या पेशी), गोल वळलेले पुंजके, जागोजागी बदलणारी जाडी. फाउलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा दहा खुणा तपासल्या. सात किंवा जास्त सापडल्या तर निदान भक्कम. नुसत्या म्यूकस पेशींवर जाऊ नका, त्या डेंटिजेरस सिस्टमध्येही (न उगवलेल्या दाताभोवतीची) दिसतात. सूज असेल तर केराटोसिस्टचं ओळखीचं अस्तरही पुसलं जातं.

खरी काळजी हाडातल्या लो-ग्रेड म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमाची (लाळग्रंथींच्या प्रकारचा, संथ कॅन्सर). भरीव पुंजके वाढलेले दिसले तर फिश चाचणीने (जनुकातला बदल दाखवणारी) एमएएमएल२ हे जनुक तपासून घ्या. बदल सापडला तर कौल कॅन्सरकडे. नाही सापडला म्हणून कॅन्सर नाही, असं मात्र लिहू नये.

मुखशल्यचिकित्सा, छत्रपती संभाजीनगर
लातूरच्या मॅडमशी सहमत, आधी ब्लॉक. नवा तुकडा पाठवायची वेळ आलीच तर रुंद तोंडाची बाटली, १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट. सलाइनमध्ये घालून एसटी पार्सलने पाठवला तर आपल्याकडच्या उन्हात पोचेपर्यंत कुजतो. सोबत ओपीजीची प्रत हवीच.