एखाद्या राज्याला एकट्याने सर्वांची वैद्यकीय बिले भरता येतील का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. गेल्या वर्षी यजमानांची नोकरी गेली आणि काही दिवसांतच कोब्रा कायद्याखालचे पत्र घरी आले. जुना आरोग्यविमा चालू ठेवायचा असेल, तर आमचा वाटा, आजवर कंपनी भरत होती तो वाटा आणि वर २ टक्के व्यवस्थापन खर्च, असा सगळा हप्ता आम्हीच भरावा, असे त्यात होते. मुलीला दमा असल्यामुळे विम्याविना एक महिनाही काढणे शक्य नव्हते. पगार थांबलेला असताना आम्ही ती रक्कम भरली.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. सर्व रहिवाशांची बिले एकाच सरकारी निधीतून भरायची, म्हणजे ज्याला इथे सिंगल पेअर म्हणतात ती व्यवस्था, वॉशिंग्टनमध्ये होत नसेल तर एखाद्या राज्याने स्वतःपुरती का उभारू नये? कॅलिफोर्निया तर एखाद्या मोठ्या देशाएवढे आहे. मग इथे ही विधेयके दर वेळी मध्येच का थांबतात?

जुना वाचक:
ताई, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पत्रातच आहे. कंपनी भरत असलेला वाटा आपल्याला एरवी दिसत नाही. तो आपल्याच कष्टाचा मोबदला असतो, परंतु पगारपत्रकावर आपल्या हातून गेलेला पैसा म्हणून त्याची नोंद होत नाही. सिंगल पेअर आणायचे म्हणजे हा न दिसणारा हप्ता काढून त्याच्या जागी सर्वांना दिसेल असा कर बसवायचा. व्हरमाँटमध्ये नेमके हेच आडवे आले.

व्हरमाँट हे जेमतेम सव्वासहा लाख वस्तीचे राज्य. तैवानच्या आरोग्यविम्याच्या आखणीत मोठा वाटा असलेले हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम शाव यांच्याकडून त्यांनी आराखडा करून घेतला, आणि २०११च्या मे महिन्यात गव्हर्नर पीटर शमलिन यांनी कायद्यावर सही केली. मात्र पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न त्या कायद्याने पुढे ढकलला. मला ती सर्वांत मोठी चूक वाटते. साडेतीन वर्षांनी आकडे मांडले गेले, तेव्हा मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के कर आणि कुटुंबांवर उत्पन्नानुसार ९.५ टक्क्यांपर्यंत आकारणी लागेल असे दिसले. राज्याचा एकूण करमहसूल जेवढा होता, जवळजवळ तेवढीच नवी रक्कम उभी करायची होती. शमलिन नुकतेच अगदी थोड्या मतांनी तरले होते. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी योजना सोडून दिली. तो कर भरून विम्याचा हप्ता वाचणाऱ्या कुटुंबांना शेवटी काय उरले असते, हा हिशेब लोकांपर्यंत नीट पोहोचलाच नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

कोलोरॅडोत २०१६ साली हाच विषय थेट मतदानाला गेला. तेथे १० टक्के पगारकर सुचवला होता, आणि सुमारे ७९ टक्के मतदारांनी तो नाकारला.

मिनेसोटाकर:
वरील विवेचन पटते, पण त्यात कायद्याची बाजू राहिली आहे. मी कंपन्यांच्या आरोग्ययोजनांचे काम पाहतो, म्हणून लिहितो. १९७४ सालचा एरिसा नावाचा केंद्रीय कायदा आहे. मोठ्या कंपन्या बहुधा विमा विकत घेत नाहीत; कर्मचाऱ्यांची बिले त्या स्वतःच्या पैशातून भरतात आणि विमा कंपनीकडून फक्त कारकुनी करून घेतात. नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अशा योजनांत आहेत, आणि एरिसामुळे राज्यांना या योजनांचे नियमन करता येत नाही. २०१६ साली व्हरमाँटचेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. राज्याने अशा योजनांकडून बिलांची केवळ माहिती मागितली होती, तीसुद्धा सक्तीने मागता येणार नाही असा निकाल लागला. जिथे माहिती मिळत नाही, तिथे त्या योजना मोडून एका निधीत आणणे किती कठीण असेल, याचा अंदाज करावा. राज्य कर लावू शकेल, पण कंपनीने आपली योजना बंद करावी असे सांगू शकणार नाही.

दुसरी अडचण मेडिकेअरची. वृद्धांसाठीचा तो पैसा केंद्राचा आहे. तो राज्याच्या निधीत वळवायला केंद्राची परवानगी लागते, आणि चार वर्षांनी सरकार बदलले की ती परवानगी टिकेल याची शाश्वती नसते.

कॅलिफोर्नियात यावर आणखी एक गाठ आहे. २०१७च्या विधेयकाचा खर्च सिनेटच्या समितीने वर्षाला ४०० अब्ज डॉलर धरला होता. त्यातला निम्मा पैसा आधीच सरकारी योजनांतून खर्च होत होता, ही गोष्ट बातम्यांत मागे पडली. उरलेला निम्मा नव्या करातून आणायचा म्हटले, तर १९७९ साली मतदारांनीच घातलेली सरकारी खर्चाची मर्यादा आड येते, आणि १९८८च्या तरतुदीनुसार महसुलातला ठरावीक हिस्सा शाळांना द्यावा लागतो. म्हणजे केवळ विधिमंडळाचे बहुमत पुरत नाही, राज्यघटनेतील बदलासाठी पुन्हा मतदारांकडे जावे लागते. २०१७चे विधेयक असेंब्लीच्या सभापतींनी अडवून ठेवले आणि २०२२चे मतदानाला न येताच मागे पडले.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. पण कॅनडातही सुरुवात एका प्रांतानेच केली होती ना? मग तिथे ते कसे साधले?

जुना वाचक:
होय, सस्कॅचेवनने. तेव्हा त्या प्रांताची वस्ती १० लाखांहूनही कमी होती. परंतु त्यांनी सगळे एकदम केले नाही. १९४७ मध्ये फक्त रुग्णालयांचा खर्च घेतला. १९५७ साली केंद्राने असा खर्च साधारण निम्मा उचलण्याचा कायदा केला, त्यानंतर हाती मोकळा झालेला पैसा घेऊन प्रांताने डॉक्टरांच्या शुल्काकडे मोर्चा वळवला. १ जुलै १९६२ रोजी ती योजना सुरू झाली त्याच दिवशी डॉक्टरांनी संप पुकारला, आणि तो २३ दिवस चालला. तडजोड झाली, योजना टिकली, आणि १९६६ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला.

मिनेसोटाकरांनी सांगितलेल्या अडचणी तेथे नव्हत्या. आरोग्य हा प्रांताचाच विषय होता, आणि प्रांताने पाऊल उचलल्यावर केंद्राने हात आखडता न घेता अर्धा खर्च वाटून घेतला. म्हणून मला वाटते की कॅलिफोर्नियात ज्यांना हे हवे आहे त्यांनी एरिसातून राज्यांना सूट मिळावी ही मागणी आपल्या काँग्रेस प्रतिनिधीकडे आधी लावून धरावी. राज्याच्या राजधानीतले, म्हणजे सॅक्रामेंटोतील विधेयक त्यानंतर.