स्कोअरबुकात न आलेलं

काल मी, तुमची स्कोअरर ताई, आपल्या सॉफ्टबॉल टीमच्या स्कोअरबुकांचा गठ्ठा सोडला. अकरा हंगाम, नऊ वह्या. पेन्सिलीचे आकडे अजून स्पष्ट आहेत. प्रत्येक आकडा म्हणजे फिल्डरची एक जागा. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपकडून (सेकंड आणि थर्डच्या मधली) सेकंडला, तिथून फर्स्टला, डबल प्ले, एकाच बॉलवर दोघी आउट. उलटा काढलेला 'के' म्हणजे तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभी राहिलेली बॅटर. पण पानं उलटताना जे आठवत गेलं, त्याला या वह्यांत रकानाच नव्हता. म्हणून विनंती, प्रत्येकीने एक तरी प्रसंग लिहा. कोण जिंकलं ते माझ्याकडे आहे.

कॅचर
चौथा हंगाम, सेमीफायनल. शेवटची, सातवी इनिंग. एका रनने पुढे, दोन आउट, बेस रिकामे. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर फसली आणि बॉल माझ्या ग्लोव्हजला लागून निसटला. अशा वेळी बॅटरला फर्स्टकडे पळता येतं, आणि ती पळाली. मी मास्क भिरकावला, बॉल उचलला आणि घाईत फर्स्टच्या डोक्यावरून फेकला. पोटात गोळा आला. ती फर्स्ट ओलांडून सेकंडकडे वळली. इतक्यात बघते तर आमची राइट फिल्डर फाउल लाइनबाहेर बॉलच्या मागे आधीच उभी! एका टप्प्यात उचलून तिने सेकंडला मारला. शॉर्टस्टॉपने टॅग केलं आणि आम्ही फायनलला. ताई, वहीत ई-२ (एरर, कॅचरची चूक) आणि ९-६ (राइट फिल्डकडून शॉर्टस्टॉपला) असेल. ती तिथे पोचली कशी, ते मला आजही कळलेलं नाही.

राइट फिल्ड
पोचले कशी म्हणजे? रोजच पोचायचे. इनफिल्डमधून फर्स्टला थ्रो निघाला की मागे धावत जायचं, हे माझं कामच. एका मॅचमध्ये दहा-बारा वेळा तरी. बॉल फर्स्टच्या हातात बसायचा आणि मी परत माझ्या जागी यायचे. पहिले तीन हंगाम असेच गेले. त्या दिवशी बॉल आला तेव्हा मला नवल वाटलं नाही, फक्त तो हातात नीट बसावा एवढंच मनात होतं. तू हे लिहिलंस, वाचून डोळे भरून आले.

थर्ड बेस
माझं वेगळं आहे. सहाव्या हंगामात एक ग्राउंडर, जमिनीलगत आलेला बॉल, माझ्या समोर खड्यावर उसळला आणि खांद्याला लागून गेला. त्यावर रन झाली. ताईंनी हिट लिहायला घेतलं होतं, मी इनिंग संपल्यावर जाऊन म्हटलं, ई-५ लिहा, थर्ड बेसची चूक. हिट लिहिली असती तर ती रन पिचरच्या खात्यात गेली असती. तिचा बॉल चांगला होता, मी पाय हलवायला उशीर केला होता. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि खोडरबर घेतलं.

पिचर
हे मला आज कळतंय. त्या हंगामात मी सोडायचं ठरवलं होतं. खांदा दुखत होता, ४३ फुटांवरून टाकलेला प्रत्येक बॉल कुणीतरी मारतंय असं वाटायचं. बेजिंगला २००८ मध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन मॅच आणि ४१३ बॉल टाकले, ते मी तेव्हा मनाला बजावत असे. त्यानंतर खेळच ऑलिंपिकमधून गेला. तो टोकियोत परतला तेव्हा, २०२१ मध्ये, फायनलची सुरुवात तिनेच केली, वयाच्या ३९ व्या वर्षी. ती मॅच बघताना मला आपली टीमच दिसत होती. पण मला थांबवलं ते तिच्या आकड्यांनी नाही. सहाव्या हंगामातल्या त्या ई-५ च्या मॅचनंतर थर्ड बेसने माझी बॅग उचलली आणि न बोलता गेटपर्यंत चालत आली. बस्स. ई-५ चं तेव्हाही बोलली नाही.

सेंटर फिल्ड
सातव्या इनिंगला शेवटची आउट मीच, स्ट्राइकआउट. बरोबरी. आठवीत टाय-ब्रेकर, आणि बॅटिंगच्या क्रमात शेवटची म्हणून रनर होऊन सेकंडवर मलाच उभं राहायचं होतं. तोंड दाखवायची इच्छा नसताना. बॅटर प्लेटकडे निघाली, वाटेत माझ्याकडे बघून तिने हेल्मेटला दोनदा बोट लावलं. बंटची, म्हणजे बॅट आडवी धरून बॉल नुसता जवळ पाडायची खूण. पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, म्हणून मी फक्त तिचा हात बघत होते. बंट पडला, मी थर्डवर. पुढच्या फ्लायवर, उंच उडून झेलल्या गेलेल्या बॉलवर, घरी. वहीत सॅक्रिफाइसच्या, स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेल्याच्या, खुणा असतील दोन. हेल्मेटवरचं बोट नसेल.

बदली खेळाडू
दोन हंगामांत मिळून चार इनिंग खेळले. पण प्रत्येक मॅचआधी पिचरचे पहिले वीस बॉल माझ्याच ग्लोव्हजमध्ये पडायचे. आज रेंगाळतोय की उसळतोय, हे सगळ्यांत आधी मला कळायचं आणि मी कॅचरच्या कानात सांगायचे.

पुन्हा मी, स्कोअरर
सहावी वही काढली. ई-५ च्या चौकोनात खोडलेली हिट अजून पुसट दिसते. आणि बदली खेळाडू, तुझ्या चारही इनिंग सापडल्या, एकात वॉक (चार चुकीच्या बॉलवर मिळालेला फर्स्ट बेस) आहे आणि पुढे रनही. फर्स्ट बेस, तुझं अजून आलेलं नाही. डोक्यावरून गेलेल्या त्या थ्रोला तू उडी मारली होतीस, ते मी बघितलं होतं. तू लिही.