क्रेनियल नर्व्ह पाठ आहेत, पण स्ट्रोकच्या रुग्णापाशी त्यांचे काय करावे?

अंतिमवर्ष: मी एमबीबीएसच्या अंतिम वर्षात शिकतो. क्रेनियल नर्व्ह, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या बाराही नसा मला क्रमाने तपासता येतात, परंतु कॅज्युअल्टीत स्ट्रोकचा रुग्ण आल्यावर त्यांतून नेमके काय ठरवायचे हे उमगत नाही. सीटी स्कॅन होणारच असेल, तर त्यांच्यावर वेळ घालवावा का?

न्यूरो_रेसिडेंट: स्कॅन तपासणीसाठी थांबवू नये, हे आधी सांगतो. मात्र साधा सीटी रक्तस्राव चटकन दाखवत असला, तरी पहिल्या काही तासांतला इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मृत झालेला भाग), विशेषतः ब्रेनस्टेममधला, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातला, त्यात दिसेलच असे नाही. आणि गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे ४.५ तासांच्या आतच द्यायचे असल्यामुळे सीटी ‘नॉर्मल’ आला की सगळी भिस्त तपासणीवर येते.

नसा पातळीनुसार लक्षात ठेवाव्यात. मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला हे ब्रेनस्टेमचे वरून खाली तीन भाग. तिसरी-चौथी मिडब्रेनशी, पाचवी ते आठवी पॉन्सशी, नववी ते बारावी मेड्युलाशी, असे ढोबळमानाने धरावे. डावी पापणी मिटलेली, तो डोळा खाली व बाहेर वळलेला आणि कमजोरी मात्र उजव्या हातापायात असेल, तर दोष मिडब्रेनच्या डाव्या बाजूला शोधावा.

चेहरा हलवणाऱ्या सातव्या नसेबद्दल ‘कपाळाला आठ्या पडल्या तर स्ट्रोक, नाही पडल्या तर बेल्स पाल्सी (त्या नसेचाच लकवा)’ हे सगळेच घोकतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळत असल्यामुळे ते बहुतेकदा खरेही ठरते. पण इन्फार्क्ट पॉन्समध्ये थेट त्या नसेच्या केंद्रकावर किंवा तंतूंवर असेल, तर कपाळही लुळे पडते. म्हणून त्या बाजूचा डोळा बाहेरच्या दिशेने पूर्ण वळतो का आणि विरुद्ध बाजूच्या हातापायांत ताकद आहे का, हे पाहिल्याशिवाय अशा रुग्णाला स्टिरॉइडची चिठ्ठी देऊन घरी पाठवू नये.

स्ट्रोक_युनिट_सिस्टर: घशाची नववी-दहावी नस विद्यार्थी ‘आ’ करायला लावून उरकतात. गॅग रिफ्लेक्स (घशाला स्पर्श होताच येणारी उबळ) आहे म्हणजे गिळणे सुरक्षित आहे, असे मुळीच नाही. रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी द्यावे आणि खोकला येतो का, आवाज ओलसर, घरघरता होतो का, हे पाहावे. तोवर तोंडाने गोळीसुद्धा देऊ नये. नातेवाइकांनाही तसे स्पष्ट सांगून ठेवावे, कारण आपली पाठ वळताच कोणीतरी चहा पाजायला घेतोच.

अंतिमवर्ष: आभारी आहे. वॉलेनबर्ग सिंड्रोममध्ये, म्हणजे मेड्युलाच्या बाजूच्या भागातल्या स्ट्रोकमध्ये, हातापायांची ताकद शाबूत असते, मग एनआयएचएसएसचा, म्हणजे स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या पट्टीचा गुण कमी येणार नाही का?

न्यूरो_रेसिडेंट: येतोच. ती ० ते ४२ गुणांची पट्टी हातपाय आणि भाषेकडे झुकलेली असून चक्कर, उचकी, गिळण्याचा त्रास यांना तिच्यात गुणच नाहीत. एका बाजूच्या चेहऱ्याला आणि विरुद्ध बाजूच्या अंगाला थंड-गरम कळत नाही का, हे पाहावे. शिवाय ‘नुसती चक्कर’ म्हणणाऱ्या रुग्णाला धरून उभे करावे. आधाराशिवाय त्याला उभेच राहता येत नसेल, तर गुण कितीही कमी असला तरी न्यूरोलॉजिस्टला लगेच कळवावे.