मदत हवी आहे: पुढचं उजवं चाक ब्रेक धरून बसतंय, पॅड आणि किट बदलूनही तेच

घाटवाट
नमस्कार मंडळी. गाडी २००४ची वॅगन आर, पुढे डिस्क, मागे ड्रम. राहायला चिपळूणला, महिन्यातून दोनदा कराडला जाणं होतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच.

सुरुवातीचे पंधरा-वीस किलोमीटर काही जाणवत नाही. मग गाडी जड होते. सपाटीला पाय काढला की पूर्वी आरामात पळायची, आता लगेच मरते. स्टिअरिंग उजवीकडे ओढतं. मागच्या रविवारी घाट चढून चहाला थांबलो तर जळका वास. चढताना ब्रेक लागतात तरी किती? चारही चाकांजवळ हात नेला, पुढच्या उजव्याजवळ धरवेना. रिमवर दोन थेंब पाणी टाकलं तर चर्र करून उडालं. जॅकवर उचललं तर दोन्ही हातांनी कसंबसं फिरलं. तासाभराने बघतो तर मोकळं! गॅरेजपर्यंत नेईतो गाडी एकदम शहाणी.

आतापर्यंत पॅड नवे, कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबतं ते) रबर किट नवं, डिस्क लेथवर मारून घेतली. ३,८०० रुपये गेले. आठ दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. आता मिस्त्री म्हणतात अख्खं कॅलिपर टाका. टाकू का?

सातारी_माणूस
बेअरिंग बघा राव. माझं असंच झालं होतं.

घाटवाट
पाहिलं. घरघर नाही, चाक वर-खाली हलवून पाहिलं, खेळही नाही.

तेलकट_हात
बेअरिंग गेलं तर ते तासाभराने बरं होत नाही. हे ब्रेकचंच आहे.

कॅलिपर विकत घ्यायच्या आधी एक फुकटची परीक्षा करा. अट एकच, चाक जाम असतानाच करायची. थंड झाल्यावर काही कळणार नाही, आणि तुमच्या मिस्त्रींना नेमकी तीच संधी मिळालेली नाही. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकखेरीज खाली स्टँड. कॅलिपरवरच्या ब्लीडर निप्पलला (हवा-ऑईल बाहेर काढायचं तोंड) पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडा आणि निप्पल पाव आटा सैल करा. ब्रेक ऑईल गरम असतं, डोळे सांभाळा, रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पिचकारी उडून चाक सुटलं तर आत प्रेशर कोंडलेलं होतं. मग कॅलिपर निर्दोष, दुखणं त्याच्या वर. निप्पल उघडूनही चाक तसंच आवळलेलं राहिलं तर पिस्टन गंजलाय किंवा स्लाइड पिना, म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतं त्या, जाम बसल्यात. पिनांना कोणी साधं ग्रीस थापलं असेल तर रबर फुगून त्याच आवळतात, तिथे सिलिकॉन ग्रीसच लागतं. (हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.)

आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. रिमवर दोन थेंब ठीक, बादली नको.

घाटवाट
काका, केलं! काल मुद्दाम पोफळीपर्यंत जाऊन आलो, वाटेत ब्रेक मारत मारत. चाक जाम झालं. निप्पल सैल करताच काळपट ऑईल जोरात आलं आणि चाक बोटाने फिरायला लागलं. म्हणजे मास्टर सिलेंडर, पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप?

तेलकट_हात
थांबा, घाई नको. या गाड्यांत ब्रेकची लाईन तिरकी वाटलेली असते, पुढचं उजवं आणि मागचं डावं एका सर्किटवर. मास्टर सिलेंडरमध्ये ऑईल परत जायचं बारीक भोक बुजलं, किंवा पेडलच्या दांडीला खेळच उरला नाही, तर एकटं एकच चाक सहसा धरत नाही, जोडीदारही तापतो. मागचं डावं कसं होतं?

घाटवाट
गार. अगदी गार.

तेलकट_हात
मग माझी नजर कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी होज पाईपवर आहे. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून अस्तर सुटतं आणि झडपेसारखं वागतं. पेडल दाबताना तुमच्या पायाची ताकद ऑईलला पलीकडे ढकलते. परत यायला मागे तेवढा जोर नसतो. हळूहळू झिरपून येतं, म्हणून तासाभराने मोकळं.

खात्री हवी तर चाक जाम असताना होजच्या वरचा, लोखंडी नळीशी जोडलेला नट सैल करा. तिथे सैल करूनही चाक सुटलं नाही तर होजच.

एक विचारू? गाडी २०२१च्या पुरात होती का?

घाटवाट
होती. २२ जुलैला चाकं पूर्ण बुडाली होती, इंजिन थोडक्यात वाचलं. का?

तेलकट_हात
होज मधोमध जिथे पत्र्याच्या पट्टीत आवळलेला असतो ती पट्टी बघा. गंज जागा जास्त घेतो. पट्टीच्या आत साठला की रबराला गळफास बसतो, आणि पुराच्या गाळाने तेच केलं असेल असं मला वाटतं.

घाटवाट
मंडळी, निकाल. वरचा नट सैल केला, चाक ढिम्म. होज काढला. पट्टीच्या दोन्ही कडांना तांबडा पापुद्रा, नखाने उचलला की पोळीसारखा निघत होता. पट्टी ग्राइंडरने कापली तर खालचं रबर कंबर आवळल्यासारखं बारीक. सुतळीत घालायची सुई घेतली, तीही आतून सहज जाईना. नवा होज ४५० रुपये. काल कराडला जाऊन आलो, चारही चाकं सारखीच कोमट.

कॅलिपरचे पैसे वाचले. मिस्त्रींना कापलेला तुकडा दाखवला, त्यांनी तो ठेवून घेतला.

सातारी_माणूस
बेअरिंग मागे घेतो.

तेलकट_हात
छान. आता सगळं ब्रेक ऑईल बदला. त्याच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ ही प्रत लिहिली असेल तर ताज्या ऑईलचा उकळबिंदू किमान २०५ अंश, ओलावा शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरतो. तुमचं काळं झालेलं घाट उतरताना उकळलं तर पेडल स्पंजासारखं थेट फ्लोअरला जाईल. डाव्या बाजूचा होजही बदला, तोही त्याच पुरात होता.

घाटवाट
डावा आजच मागवतो. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर जुनेच चालतील का?

तेलकट_हात
नाही. जुने एकदा दाबले गेलेत, पाझरतील. नवे दोन घ्या, आणि ब्रेकच्या लाईनमधली हवा काढल्यावर पेडल मिनिटभर दाबून धरून जोडाखाली कोरडा कागद लावून बघा.