प्रतिसाद: पोर्टफोलिओ म्हणजे फोटोंचा अल्बम नव्हे

डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाच्या शाळेतल्या कामाचा ऑनलाइन संग्रह, हा पालकांना खूश करणारा अल्बम आहे, असं वर एकांनी लिहिलंय. नुसते सुबक तक्ते टाकले तर तसंच होईल, मान्य. पण त्यात कच्चं काम ठेवून पाहा: पहिला मसुदा, खाडाखोड, आणि 'हे मी असं का केलं' ही मुलाच्या आवाजातली नोंद. मला तरी हा आवाजच सगळ्यात मोलाचा वाटतो.

नागपुरात माझ्या पाचवीच्या वर्गाचा संत्र्यावर प्रकल्प होता. एका मुलीचे वडील कळमना मार्केटमध्ये, म्हणजे इथल्या शेतमालाच्या बाजारात, हमाली करतात. पालकसभा नेमकी कामाच्या वेळी, त्यामुळे येणं जमतच नाही. त्यांनी रात्री लेकीची नोंद ऐकली आणि संत्र्याच्या दोन हंगामांपैकी आंबिया बहाराचा माल कधी येतो, मृग बहाराचा कधी, हे व्हॉइस मेसेजवर समजावून सांगितलं. तो आम्ही वर्गात ऐकवला. मुलीनं नवी नोंद केली, जुनीही शेजारी ठेवली. शिकणं कुठून कुठे गेलं, हे त्या दोन नोंदींत स्पष्ट दिसतं. गुणपत्रिकेत ते दिसलं नसतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतीपत्रकातही स्वयंमूल्यमापनासोबत पोर्टफोलिओचा उल्लेख आहे.

एक मात्र कळकळीनं सांगते. मुलांचं काम वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे लगेच तुलना सुरू होते. सीसॉसारख्या ॲपमध्ये पालकांना फक्त आपल्याच मुलाचं काम दिसतं. तेही नसेल तर प्रत्येकासाठी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, आणि सोबत पालकांना एखादा साधा प्रश्न विचारा, म्हणजे उत्तर येतं.