हार्डांगरमध्ये गाइडविना सायकलिंग: रस्ता कोणता धरावा?

कोपरखैरणेकर: मेअखेरीस दोघं नॉर्वेला निघालोय. सफरचंदाचा बहर बघायचाय. तिथल्या हार्डांगर भागात, ओड्डा गावापर्यंत 13 नंबरचा रस्ता बरा का? सायकली इथूनच नेणार.

येऊरचा_चढ: 13 वर गाड्यांची वर्दळ जास्त. बर्गनहून ट्रेनने व्हॉस, पुढे क्वानडालहून फेरीने उटने, मग फियोर्डच्या (डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीच्या) पश्चिम काठाने 550 नंबरचा रस्ता. अरुंद आहे, पण आगा गावाजवळ बागा रस्त्याला खेटून. बहर साधारण मेच्या मध्यापासून, त्यामुळे आठवडाभर आधीच निघा. बोगदे मात्र एकेक करून तपासा: 11 किमीचा फोल्गेफोन्ना बोगदा सायकलला बंदच.

घोडबंदर_गिअर: पॅकिंगमध्ये हमखास वाकतो तो डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा धातूचा तुकडा. डिरेलर सोडवून फोममध्ये गुंडाळा, जादा हँगर जवळ ठेवा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, तिकडे पटकन मिळेलच असं नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं, घड्याळाच्या दिशेने सुटतं. परत बसवताना ग्रीस लावा. हवा भरायच्या सीओटू कार्ट्रिज विमानात अडवू शकतात, हातपंपच न्या.

कोपरखैरणेकर: नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावरचा सराव पुरेल?

येऊरचा_चढ: सपाटीवर काय सराव होणार! खारघर टेकडी चढा, तीही पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा) भरून. ब्रेक पॅड जास्तीचे घ्या, ओल्या उतारावर झिजतात.